फोटो तुझा कधी होतो?

चि. मनू,


तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि तेवढ्यात तिकडे कुणाला तरी ट्रायपॉड कुठे ठेवलाय ते सांगतेस. म्हणून लिहितोय. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

मे महिन्यात ज्युरी आहे, वीस फोटोंचा पोर्टफोलिओ लावायचाय आणि सर म्हणतात की तुझ्या कामात अजून ‘सिग्नेचर’ दिसत नाही. वर्गातला एक जण लडाखला जाऊन आला, एक मुलगी वाराणसीला निघालीय, आणि तू मला विचारतेस, आता कुठे जाऊ? पुढे असंही विचारलंस की पदवी झाल्यावर लग्नाचे फोटो काढावे लागले तर ही सगळी वर्षं वाया गेली असं समजायचं का. हे तू मला विचारतेस, ज्यानं जन्मभर चिपळूणच्या बाजारपेठेत स्टुडिओ चालवला आणि निम्मा तालुका बोहल्यावर उभा असताना टिपला! राग नाही आला. तुझ्या आईला मात्र हे वाक्य दाखवू नकोस, तिच्या लग्नाचा अल्बम मीच केलाय.

कुठे जाऊ, याचं माझं उत्तर सोपं आहे. कुठेही जाऊ नकोस.

होमाय व्यारावालांबद्दल तुम्हाला शिकवलं असेलच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, 2011 ची पद्मविभूषण वगैरे. 1942 मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि पुढे लाल किल्ल्यावरचा झेंडा, माउंटबॅटन यांची पाठवणी, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलं. प्रदर्शनात लोक त्या फोटोंपुढे थांबतात. मी थांबतो ते त्याआधीच्या फोटोंपुढे. त्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या, 1930 च्या दशकात, आणि वर्गमैत्रिणींचे फोटो काढत होत्या. रेहाना मोगल नावाची त्यांची एक मैत्रीण त्यात पुन्हा पुन्हा दिसते. त्या काळच्या मुंबईतली शिकणारी, मोकळेपणानं हिंडणारी तरुण मुलगी कशी दिसायची, कशी बसायची, कॅमेऱ्याकडे कशी बघायची, हे आज आपल्याला कळतं ते या फोटोंमुळे. पुढाऱ्यांचे फोटो काढायला दिल्लीत इतरही छायाचित्रकार होते. जे.जे.तल्या त्या मुलींचे तसे फोटो त्यांच्यातलीच एक असलेल्या मुलीला मिळाले, कारण तिच्यासमोर कुणाला पदर सावरून उभं राहावं लागत नव्हतं.

आता तुझा फोन उघड. हॉस्टेलच्या मेसमध्ये डोकं टेकून झोपलेली मुलगी, गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातलेले प्रिंट, परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकींच्या केसांना तेल लावणाऱ्या तुझ्या खोलीतल्या तिघी. हे तू मला गंमत म्हणून पाठवतेस, आणि पोर्टफोलिओत घालायला वाराणसीचा घाट शोधतेस. त्या घाटाचे फोटो तुझ्याआधी हजारोंनी काढलेत आणि तुझ्यानंतरही काढतील. तुझ्या खोलीत दुसरं कोण येणार आहे?

होमायबाईंची आणखी एक गोष्ट तुला माहीत असू दे. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पतीच्या, माणेकशांच्या नावानं. बाई, त्यातून नवखी; तिचं नाव कोण छापणार? पुढे ‘डालडा 13’ या टोपणनावानं त्या काम करत. गाडीचा नंबर डीएलडी 13 होता, त्यावरून ते नाव. 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि लोक त्यांना विसरले. काम जपून ठेवलेलं होतं, म्हणून 2006 मध्ये सबीना गडिहोक त्यांच्यावर ते सुंदर पुस्तक करू शकल्या. बटण दाबलं की फोटो निघतो. तो तुझा व्हायला मात्र पुढे बराच काळ लागतो आणि बरीच कारकुनी लागते. कॉलेजात या कारकुनीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

‘सिग्नेचर’चं आधी निपटू. सरांचा अपमान करायचा नाही, पण वीस फोटोंत सिग्नेचर मागणं म्हणजे कलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी फणस मागण्यासारखं आहे. छायाचित्रकार दयानिता सिंग अहमदाबादला एनआयडीत शिकत असताना कॉलेजचं काम म्हणून तबलावादक झाकीर हुसेन यांच्या मागे कॅमेरा घेऊन लागल्या. 1986 मध्ये त्याचं पुस्तक झालं, ते त्यांचं पहिलं पुस्तक. नंतर दिल्लीत मोना अहमद या तृतीयपंथी व्यक्तीची भेट झाली 1989 मध्ये, आणि पुस्तक आलं 2001 मध्ये. मधली वर्षं मोजून बघ. 2022 मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांना त्यांची शैली दिसत होती. ती शैली माझ्या मते एकाच दारात पुन्हा पुन्हा जाण्यातून आली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर संदेश भंडारे. तमाशावरचं त्यांचं पुस्तक आहे, वारीवरचंही आहे. तुमच्या लायब्ररीत नसेल तर मागवून घ्यायला सांग. वारीत जून-जुलैत आता वारकऱ्यांइतके कॅमेरे असतात, दिवे घाटात तर विठ्ठलाऐवजी ड्रोनकडेच बघावं लागतं. पण तमाशाच्या फडाबरोबर गावोगाव राहून, खेळ सुरू व्हायच्या आधी राहुटीत काय चालतं ते बघत बसणारे किती? सुधारक ओलवे यांचं घे. वृत्तपत्रातली नोकरी सांभाळून त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरणाऱ्या माणसांचे, त्यांच्या घरांतले. 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. पगाराचं काम एकीकडे आणि स्वतःचं काम दुसरीकडे, दोन्ही एकाच माणसाचे हात करत होते. यात मला काही विसंगती दिसत नाही. आपले दादासाहेब फाळके गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते, पुढे छापखान्यात रमले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ आला 1913 मध्ये. स्टुडिओच्या त्या दिवसांना वाया गेलेले दिवस कुणी म्हणत नाही.

तर, लग्नं.

तुमच्या कॉलेजात लग्नाच्या फोटोग्राफीला नाकं मुरडतात हे मला ठाऊक आहे. ज्यांनी नाकं मुरडली त्यांतले काही जण मार्गशीर्षात माझ्याकडे असिस्टंट म्हणून आलेले आहेत. अंतरपाट खाली येतो तो क्षण किती असतो? मंगलाष्टक संपतं, ताशा वाजतो, अक्षता हवेत असतात, आणि तेवढ्यात त्या दोघांची नजर भिडते. मागे एलईडीची भिंत जांभळी झालेली, व्हिडिओवाल्याचा दिवा नवरीच्या गालावर पांढरा फटक पडलेला, आणि पुढून मुलाचा आतेभाऊ मोबाइल उंचावून उभा. यातून तुला नेमकं काढायचंय. पुन्हा करा म्हणता येत नाही आणि मुदतवाढ देणारी ज्युरीही नसते. प्रकाश वाचणं, माणसांत अडचण न होता वावरणं, पुढच्या क्षणी कोण रडणार आहे ते आधी ओळखणं, हे मी इथे शिकलो. दुसरीकडे कुठे हे एवढ्या झपाट्यानं शिकायला मिळतं ते मला सांग.

आणि जुने अल्बम कधी तरी नीट बघ. कंटाळा येईस्तोवर बघ. पंगत जमिनीवरून टेबलावर कधी गेली, आहेरातली पितळी भांडी जाऊन स्टीलची कधी आली, नवरी मान वर करून हसायला कधी लागली, सगळं त्यात आहे. मला सगळ्यांत जास्त काय दिसतं सांगू? जुन्या अल्बमांत विधवा आत्या, मावश्या, आज्या जवळजवळ नसतातच. फोटोग्राफरला कुणी ‘यांना घेऊ नका’ म्हणत नसे. त्या कार्याच्या जागी पुढे येतच नसत, स्वयंपाकघराच्या दारापाशी असत, आणि कॅमेरा तिकडे जात नसे. अलीकडच्या अल्बमांत त्या ग्रुप फोटोत मध्यभागी बसलेल्या दिसतात. ही केवढी मोठी गोष्ट आहे! समाजशास्त्राच्या पुस्तकात ती एका परिच्छेदात येईल, हल्लीच्या करिझ्मा अल्बमात ती चेहऱ्यासकट आहे. तू लग्नघरात कॅमेरा घेऊन जाशील तेव्हा स्वयंपाकघराच्या दारापाशीही बघ. गिऱ्हाईक त्याचे पैसे देणार नाही. ते फोटो तुझे.

आता पुराचं सांगतो, कारण कारकुनी म्हणजे काय ते मला त्यात जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं आधी दिसलं नव्हतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. तू तेव्हा लहान होतीस, बातम्यांत पाहिलं असशील. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी धान्य, गाद्या, फ्रीज बाहेर काढले. आणि मग काही दिवसांनी स्टुडिओत माणसं यायला लागली, हातात चिखलानं फुगलेले अल्बम. त्यातली बरीच विचारायची, “आमच्या लग्नाची निगेटिव्ह आहे का हो तुमच्याकडे?”

होती. पुष्कळांची होती. स्टुडिओची खालची बाजू गेली, पण निगेटिव्ह माळ्यावर होत्या. बटरपेपरच्या पाकिटात, आणि पाकिटावर तारीख, आडनाव, गाव, कार्यालय. शिवाय वही. माझ्या वडिलांनी उटीच्या कारखान्यातले ‘इंदू’चे रोल वापरायच्या काळात ती पद्धत घातली, मी ती नुसती चालू ठेवली. तेव्हा मला हे काम अगदी नीरस वाटायचं. याशिका कॅमेऱ्यातून रोल काढावा, हायपोतून निगेटिव्ह धुऊन वाळवावी, इथवर मजा असते. वही भरायला कुणाला आवडतं? पण त्या पावसाळ्यात एक आजीबाई आल्या, त्यांचे यजमान आदल्याच वर्षी गेलेले, घरात त्यांचा एकही फोटो उरला नव्हता. वहीत आडनाव आणि साल शोधलं, पाकीट काढलं, आणि त्यांच्या घरच्या सगळ्या कार्यांच्या निगेटिव्ह निघाल्या. नुसत्या निगेटिव्हचा ढीग असता तर मी काय शोधणार होतो? उजेडाकडे धरून सगळ्या निगेटिव्हमधल्या नवऱ्या सारख्याच दिसतात, तोंडं काळी आणि केस पांढरे.

(भिजलेले जुने फोटो कुणी आणले तर काय करायचं तेही सांगून ठेवतो, आजकाल कुठेही पूर येतो. एकमेकांना चिकटलेले तसेच वाळू द्यायचे नाहीत, वाळले की सुटत नाहीत. डार्करूममधले जुने प्रिंट असतील तर स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवायचे आणि तोंड वर करून टीपकागदावर वाळवायचे. हातात वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायचे, सवडीनं काढता येतात. इंकजेटचे प्रिंट मात्र पाण्यात घालू नकोस, रंग सुटतो.)

तुझ्याकडे आज चार वर्षांच्या फाइली आहेत. त्यांची नावं ‘डीएससी 0457’ आणि ‘फायनल फायनल 2’ अशी असणार, पैज लावतो. ज्युरी झाली की सुट्टीत पहिलं काम हे कर: प्रत्येक चांगल्या फोटोला कोण, कुठे, कधी हे लिही, फाइलच्या आत, जिथे ते फोटोबरोबर प्रवास करेल. मैत्रिणींची पूर्ण नावं घाल. आज ती तुला पाठ आहेत. रेहाना मोगल हे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते विसरलं नाही. तीन प्रती ठेव, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. दुसरं गाव म्हणून माझा माळा आहेच.

कायद्याचं जरा लक्ष देऊन वाच, इथे तुमची पिढी फसते. कॉपीराइट कायदा 1957 चा. तुला वाटतं की मी काढला म्हणजे फोटो माझा. एरवी ते खरं आहे, पण कलम 17 मध्ये एक पोटकलम आहे: कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला आणि तुमच्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो, पैसे देणारा. म्हणजे लग्नाचे, जाहिरातीचे, हॉटेलच्या खोल्यांचे फोटो, काहीही न ठरवता काढलेस तर ते तुझे नव्हेत, आणि तू ते वेबसाइटवर लावायचे म्हटलेस तरी परवानगी लागेल. नोकरीत काढलेले मालकाचे. वृत्तपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत मात्र गंमत आहे, छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकी सगळा तुझा, तोही वेगळा करार नसेल तर. म्हणून काम घेताना चार ओळींचा करार कर, आणि तो लेखी. ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला अमुक वापराची परवानगी’ एवढं वाक्य पुरतं. हक्क विकायचाच असेल तर किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिही. लिहिलं नाहीस तर कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरून चालतो. स्पर्धांचे नियम खालपर्यंत वाच. बक्षीस एकाला आणि हक्क सगळ्यांचे, अशा स्पर्धा असतात.

कॉपीराइट विकला तरी तुझं कर्तेपण विकलं जात नाही. फोटोखाली तुझं नाव मागायचा आणि फोटोची मोडतोड करून तुझी बदनामी केली तर अडवायचा हक्क कलम 57 प्रमाणे तुझ्याकडेच राहतो. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइटही लेखकाच्या पुस्तकासारखाच झाला, आयुष्यभर आणि वर साठ वर्षं. आधी तो प्रकाशनापासून मोजत. म्हणजे आज हॉस्टेलमध्ये काढलेल्या फोटोचे पैसे तुझी नातवंडंसुद्धा घेऊ शकतील. ती फाइल तेव्हा उघडली पाहिजे आणि त्यात कोण आहे ते कळलं पाहिजे, एवढीच अट.

यंत्रानं बनवलेल्या चित्रांची तुला भीती वाटते असं लिहिलंस. थोडी वाटू दे. कॅटलॉगची कामं, साबणाच्या वडीमागे धबधबा लावायची कामं जातील, काही गेलीसुद्धा. पण खऱ्या फोटोला आता पुरावा मागतात, हे तुझ्या फायद्याचं आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल तपासायला द्यावी लागते. लायकानं 2023 मध्ये कॅमेऱ्यातच फोटोच्या मुळाची नोंद करणारं मॉडेल आणलं. ज्याच्याकडे रॉ फाइल आहे, पुढचेमागचे फोटो आहेत, माणसाचं नाव आणि तारीख आहे, त्याच्या फोटोवर विश्वास ठेवता येतो. पुन्हा तीच वही.

कॅमेऱ्याबद्दल काही लिहीत नाही. आहे तो पुष्कळ आहे. नवीन बॉडी कर्जावर घेऊ नकोस, जुनी चांगली लेन्स घे, मुंबईच्या बोरा बाजारात नीट बघून मिळते. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बॅगेत ठेव, गुलाबी झाली की गरम करून परत निळी कर. कोकणात येशील तेव्हा तर नक्कीच, इथली बुरशी लेन्सचा ब्रँड बघत नाही.

पोर्टफोलिओचं माझं म्हणणं असं: त्या खोलीतल्या तिघींवर वीस फोटो लाव. त्यांना आधी विचार, आणि एखादी नको म्हणाली तर तो फोटो काढून टाक, कितीही चांगला असला तरी. पुढच्या वर्षी त्या तिघी जिथे असतील तिथे जा, त्याच्या पुढच्या वर्षीही. एक नोकरीला लागेल, एकीचं लग्न ठरेल, एक कदाचित परत गावी जाईल. खर्चाला लग्नाची कामं घे.

सरांना ‘सिग्नेचर’ दिसली नाही तर त्यांना म्हणावं, दहा वर्षांनी बघायला या.

तुझा,
मामा

ता. क. पुढच्या महिन्यात नात्यातल्या लग्नाचे फोटो तू काढणार आहेस असं तुझी आई म्हणाली. पैसे मागायला संकोच वाटत असेल तर सरळ सांग की मामानं कोटेशन पाठवायला सांगितलंय. निम्मी रक्कम आधी घे, करिझ्माच्या शीटचा आणि लॅबचा खर्च वेगळा लिही, आणि प्रवासखर्च सोडू नकोस. नात्यातले लोक फोटोचे पैसे देत नाहीत आणि फोटो उशिरा मिळाले तर आयुष्यभर ऐकवतात.

आणि हो, जेवून घे आधी. फोटोग्राफरची पंगत सगळ्यांत शेवटची असते, तोवर जिलब्या संपलेल्या असतात.